त्याइचं तळं

सुंदरा कुमरेला गप्प बसलेलं तिच्या वस्तीत, टोल्यात, कोणी पाहिलं नव्हतं. रोहण्याच्या बाजारात तिचं दुकान म्हणजे पोत्यावर मांडलेली वांगी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या अन् थंडीत तुरीच्या शेंगा. पण निम्मं गिऱ्हाईक यायचं ते तिच्या तोंडापायी. कोणी वांगं उलटून-पालटून पाहू लागलं की ती म्हणायची, "भाऊ, तुमच्या सासऱ्यानं तुमाले असं पाह्यलं असतं, तं तुमी अजून बिनलग्नाचे राह्यले असते." गिऱ्हाईक हसायचं अन् पिशवी पुढं करायचं.

अशा बाईच्या तोंडून एक नाव मात्र चाळीस वर्षांत निघालं नव्हतं.

ते नाव गोमाजी. गोमाजी मुकद्दम. इंग्रजाच्या अमदानीत आसपासच्या पाच गावांतल्या गोंडांचा तो म्होरक्या. त्याची तसबीर नाही, समाधी नाही. छपन्याच्या दुष्काळात, सव्वाशे वर्षांमागं, त्यानं माणसं गोळा केली, टेकडीच्या पायथ्याशी तळं खोदलं, अन् तळ्याच्या पोटात एक काळा दगड उभा केला. पाणी त्या दगडाच्या खांद्याखाली उतरलं की शेताला घ्यायचं नाही. मग ते फक्त माणसाच्या तोंडाचं, ढोराचं अन् पाखराचं. मोटेचे दिवस गेले, इंजिनं आली, मोटरपंप आले, तरी दगडाचा खांदा उघडा पडला की ज्याचा तो आपला पंप मुकाट्यानं काढून नेई. हा कायदा कागदावर कुठंच नव्हता. तो त्या नावात होता. गोमाजीचं तळं, गोमाजीचा दगड, तळ्यावरून गावात उतरणारी गोमाजीची पांदण, अन् पाळीवरचा गोमाज्या आंबा, जो इतका आंबट की वानरंही तोंड वाकडं करून खात. टोल्यातले पुरुष भांडताना म्हणत, "गोमाजीची आण घे, मंग बोल."

सावळधरा हे गाव आर्वी तालुक्यातलं, अन् गावापासून पाव कोसावर चढाला हा टोला. अकरा घरं, अकराही कुमऱ्यांची, सगळी गोमाजीच्याच बुडख्यातून फुटलेली. टोल्याची रीत अशी, की सुनेनं नवऱ्याच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही. अशी रीत पुष्कळ घरांत असते. पण इथं अकराही घरांचा मूळपुरुष एकच, म्हणून टोल्यात नांदायला आलेली हरेक बाई गोमाजीची सून. त्या म्हणत "त्याइचं तळं", "त्याइचा आंबा", "त्याइची पांदण". ऐकणाऱ्याला वाटावं, कोणी बुवा आत्ताच हातपाय धुवायला गेला आहे, येईलच इतक्यात. पावसाळ्यात घरात गोम निघाली तरी सुना तिला गोम म्हणत नसत. "शंभरपायी निघाली वं," म्हणत अन् चप्पल शोधत.

या रितीनं कोणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते सात वर्षांमागं, पेरणीच्या दिवसांत.

त्या दिवशी सुंदरा अन् कुंताबाई तळ्यावर धुणं धूत होत्या. कुंताबाई ही सुंदराची चुलतसासू, टोल्यातली सगळ्यात म्हातारी सून. पांदणीनं एक पोरगेला साहेब फटफटीवर आला. सरकार गावोगावची तळी मोजत होतं. त्यानं फोटो काढला, पाळीवर पावलं टाकून लांबी मोजली अन् कागद उघडला.

"मावशी, या तळ्याचं नाव काय?"

सुंदरानं कुंताबाईकडं पाहिलं. कुंताबाई पदर तोंडाला लावून हसू लागली.

"त्याइचं तळं म्हणतेत," सुंदरा म्हणाली.

"त्यांचं म्हणजे कोणाचं?"

"आमच्या मोठ्याइचं."

"बरं, त्या मोठ्यांचं नाव?"

"नाव घेत नसते जी."

"कोण घेत नाही?"

"आमी. सुना."

"मग घेतं कोण?"

"माणसं घेतात. ते पेरणीले गेलेत. संध्याकाळी येजा."

त्याला संध्याकाळपर्यंत आणखी सहा तळी मोजायची होती. त्यानं काहीतरी लिहिलं अन् कागद सुंदरापुढं धरला. सुंदरा चौथी शिकलेली. तिची सही म्हणजे टोल्यातल्या बायांत मानाची गोष्ट; ती करायची संधी आली की ती सोडत नसे. हात ओले होते, कागद भिजू नये म्हणून तिनं पदराला हात पुसले, मान तिरपी केली अन् सावकाश, वेलांट्या-उकार नीट देऊन सही केली. त्या नादात वर काय लिहिलंय ते वाचलंच नाही.

वर लिहिलं होतं, निनावी.

हे कळायला सात वर्षं लागली. यंदा डिसेंबरात तिचा मुलगा नागेश ग्रामपंचायतीतून आला तो पाणी न पिताच ओसरीवर बसला. सुंदरा दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी सांबाराच्या जुड्या बांधत होती.

"माय, तळ्याले नाव देऊन राह्यले."

"नाव हायच तं."

"नाई. सरकारी रजिस्टरात निनावी हाय. आता तिथं पायऱ्या होणार, बाकडे ठेवणार, अन् मोठा फलक लागणार. नत्थूजी भोयर जलाशय."

नत्थूजी भोयर म्हणजे गावातले मोठे कास्तकार. दोन वर्षांमागं वारले. त्यांचा मुलगा वैभव. वैभवची बायको रक्षा ही गावची सरपंच. जागा बाईची निघाली म्हणून तिला उभं केलं होतं, कारभार वैभवच पाहत होता. तळ्याच्या खालच्या अंगाला त्याचा संत्र्याचा बगीचा होता, अन् यंदा त्यानं तिथं नवा मोठा पंप आणून ठेवला होता. तळ्याला आपल्या बापाचं नाव लागलं की मग दगडाचं कोण ऐकतं, हे टोल्यात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"तू सांगतलं नाई काय त्याइले?" सुंदरानं विचारलं.

"सांगतलं. म्हटलं, गोमाजी मुकद्दमाचं तळं हाय ते, साऱ्या जगाले माहीत हाय. ग्रामसेवकानं रजिस्टरच उघडून दाखवलं. स्थानिक महिलांच्या सांगण्यावरून निनावी. अन् खाली सही कोणाची हाय, सांगू?"

सुंदराच्या हातातला दोरा तसाच राहिला.

"साऱ्या बाजारात तुह्यं तोंड बंद होत नाई," नागेश म्हणाला, "अन् जिथं एक शब्द बोलाचा तिथं तुले लाज आली."

"लाज नाई रे आली."

"मंग काय आलं?"

तिनं जुडीला गाठ मारली. "आता काय कराचं म्हणते ग्रामसेवक?"

"म्हणे, बायांनी सांगतलेलं बायांनीच बदलावं लागन. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा हाय. तिच्या आदल्या दिवशी बायाइची सभा. नावाचा विषय तिथूनच निघणार हाय. तिथं आमाले बसता येत नाई."

"ठीक हाय," सुंदरा म्हणाली. "मी घालवलं, मीच आणीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी तळ्यावर गेली. पाण्यावर धुकं तरंगत होतं. दगडाचं डोकं तेवढं बाहेर होतं, त्यावर एक बगळा. तिनं इकडंतिकडं पाहून तोंड उघडलं. पहिलं अक्षर ओठापर्यंत आलं अन् तिथंच बसलं, दारात आलेल्या पाहुण्याला कोणी या म्हटलं नाही की तो बसतो तसं. पुन्हा प्रयत्न केला. मग तिला आपलाच राग आला, तिनं चूळ भरली अन् ती परत आली.

घरी तिची नात स्वीटी, नववीतली, वेणी घालत होती. तिला सगळं माहीत होतं. टोल्यात कोणाला काय माहीत नसतं.

"आजी, बोलून टाक नं एकदाचं. काय होते? जीभ झडते काय?"

ओसरीवर उन्हाला बसलेल्या कुंताबाईनं ते ऐकलं. "ए पोट्टे, जीभ नाई झडत कोणाची."

"मंग काऊन नाई घेत?"

"तुह्या आज्यानं नाव घेतलं, बापानं घेतलं. बैल हाकलताना घेतलं, आण खाताना घेतलं, पिऊन नालीत पडले तवाही घेतलं. वापरून-वापरून पार चिंधी केली. आमी बायांनी ते पेटीतल्या लुगड्यावानी ठेवलं. घडी मोडली नाई." म्हातारीनं पाय पोटाशी घेतले. "आता तुह्या सायबाले पेटीतलं दिसत नाई, त्याले आमी काय करावं?"

सुंदरा भाजीचं टोपलं उचलताना थांबली. "काकी, तुमी म्हणसान तं मी घडी मोडतो."

"मी काय म्हणू? तुले मोडावं वाटते?"

"नाई," सुंदरा म्हणाली. "त्याइचं नाव वाचवाले त्याइचीच रीत मोडाची, हे मले गोड लागत नाई. पण नाव तं आणाचंच हाय."

"मंग आण," कुंताबाई म्हणाली, जसं काही मीठ आणायला सांगत होती.

त्याच दिवशी बाजारात वैभव तिच्या दुकानापुढं थांबला. माणूस वाईट नव्हता. बोलायला गोड होता अन् स्वतःवर खूश होता.

"काकू, नागेशले समजावा जरा. बाबांनी त्या तळ्याचा गाळ काढला होता, साऱ्या गावाले माहीत हाय."

"काढला होता. दोन ट्रॅक्टर लावले होते त्याइनं. म्या सोता टोपले उचलले."

"मंग झालं तं."

"कसं होते, वैभवभाऊ? घर झाडणाऱ्याच्या नावानं घर होत नसते. तसं असतं तं गावातली अर्धी घरं माह्या नावानं असती."

बाजूचा लसूणवाला फिसकन हसला. वैभवही हसला, पण मग त्यानं मान पुढं काढली. "बरं, तळं कोणाचं हाय मंग? सांगा नाव. आत्ता सांगा, मी ग्रामसेवकाले फोन लावतो."

सुंदरानं त्याच्याकडं पाहिलं. लसूणवालाही आता तिच्याकडं पाहत होता.

"पाहा," वैभव म्हणाला. "निनावीच." अन् पावभर शेंगा घेऊन गेला.

तेवढ्यात पिंकी आली. पिंकी टोल्यातली लेक, नागेशची चुलतबहीण, दोन वर्षांमागं रोहण्यातच दिलेली. टोल्याच्या लेकी बाजाराला आल्या की आधी सुंदराच्या पोत्याशी येत. भाजी नंतर, माहेरची खबर आधी.

"काकी, माय बरी हाय? अन् गोमाजीच्या तळ्यात यंदा शिंगाडे झाले का नाई?"

सुंदराच्या हातातलं वजन पारड्यात पडलं.

"काय म्हटलं तू?"

"शिंगाडे."

"त्याच्या आधी."

"माय बरी हाय का म्हटलं. काय झालं, काकी?"

"काई नाई," सुंदरा म्हणाली. "तू बस इथं. हे वांगे खा. म्हणजे घेऊन जा. बस तं आधी."

लेकींना रीत लागत नव्हती. लेक म्हणजे गोमाजीचं रक्त. तिनं नाव घेतलं तर कोण अडवतं? चाळीस वर्षं हे सुंदराच्या डोळ्यापुढं होतं अन् दिसलं नव्हतं. टोल्यात अठरा वर्षांवरची बिनलग्नाची लेक एकही नव्हती. स्वीटी अन् तिच्या जोडीच्या पोरी शाळेतल्या. पण दिलेल्या लेकी होत्या. सुंदरानं तिथंच बोटांवर मोजल्या. जित्या अन् चालत्या-बोलत्या नऊ.

संध्याकाळी ती ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक दुर्गेश कुलूप लावत होता.

"साहेब, दुसऱ्या गावच्या बाईले आपल्या सभेत बसता येते काय?"

"बसता येतं. अध्यक्षांनी परवानगी दिली तर बोलताही येतं. पण मतदार नसेल तर हात वर करता येत नाही."

"तेवढं पुरे," सुंदरा म्हणाली, अन् दुर्गेश कुलपात किल्ली तशीच ठेवून तिच्या पाठीकडं पाहत राहिला.

आता लेक माहेरी आपण होऊन येत नसते. तिला आणायला जावं लागतं. भाऊ जातो, भाचा जातो, निदान कोणी पुरुष माणूस जातो. टोल्यातले पुरुष तूर काढणीत अडकले होते. सुंदरा स्वतः निघाली. हातात एक खण अन् सांबाराची मोठी जुडी, बाजार नसेल त्या आड दिवशी एस्टीत. आर्वीत अन्नपूर्णा, पुलगावच्या अलीकडं शोभाबाई, आणखी कोणी कुठं. शोभाबाईचा नवरा म्हणाला, लेकीला न्यायला भावजय आलेली मी पाहिली नाही. सुंदरा म्हणाली, "मीही नाई पाह्यली, जावईबापू. आज दोघंही पाहून घेऊ." मोहिनीच्या सासूनं तीन वेळा चहा पाजला अन् तीनदा नाही म्हटलं, सुंदरा चौथ्यांदा गेली. एकीच्या घरी तर तिनं दोन तास बसून वाटाणे सोलून दिले, तेव्हा होकार मिळाला.

सगळ्यात अवघड होती तानाबाई. ती सुंदराची थोरली नणंद, देवळीला दिलेली, सत्तरीपुढची. भाऊ, म्हणजे सुंदराचा नवरा, गेल्यापासून तिला कोणी आणायला गेलं नव्हतं. नऊ वर्षं. तानाबाईनंही टोल्याचं नाव टाकलं होतं.

सुंदरा देवळीच्या स्टँडवर उतरून विचारत-विचारत घरी पोचली तेव्हा तानाबाई अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या मोडून चुलीसाठी रचत होती. तिनं वर पाहिलं अन् पुन्हा पऱ्हाटी मोडली.

"कोण हाय?"

"मी हाव, बाई. सुंदरा."

"कोण सुंदरा?"

"तुमच्या भावाची बायको."

"माह्या भावाले बायको होती काय? मले वाटलं त्याच्यासंगंच गेली. नऊ वर्षांत दिसली नाई."

सुंदरानं चपला काढल्या, पाया पडली अन् पऱ्हाट्या मोडायला बसली. दोघींनी अर्धा ढीग संपवला.

"आणाले आली काय?" तानाबाईनं शेवटी विचारलं.

"हो."

"कायले?"

सुंदरानं सगळं सांगितलं. साहेब, ओले हात, सही, वैभव, लसूणवाला. काही झाकलं नाही. तानाबाई ऐकत गेली तसं तिचं तोंड हलू लागलं. सुंदराला वाटलं म्हातारी रडते. पण ती हसत होती.

"म्हणजे गोमाजीच्या तळ्याचं नाव गोमाजी हाय, हे तुले सांगता आलं नाई?"

"नाई."

"गोमाजी एवढा सोपा शब्द."

"बाई, पुरे."

"गोमाजी, गोमाजी, गोमाजी. घे, तुह्याही वाट्याचं घेतलं." म्हातारीला ठसका लागला. सुंदरानं पाणी आणून दिलं. ते पिऊन ती गंभीर झाली. "मी यावं, तं कायले यावं? नऊ वर्षं मी कोणाची लेक नव्हती. आता नावापुरती लेक पाह्यजे झाली."

हे खरं होतं. सुंदरानं खरं तेच म्हटलं.

"हो बाई. कामापुरतीच आली मी. चुकलं आमचं. पण काम तुमच्याच आज्याच्या आज्याचं हाय. माह्यावर रुसा. मी बसतो इथंच, तुमचा रुसवा संपेस्तोवर."

"अन् तुह्या वांग्याइले पाणी कोण देईन?"

"वाळले तं वाळले."

तानाबाईनं हातातली पऱ्हाटी खाली ठेवली. "खण कोणत्या रंगाचा आणला?"

"हिरवा."

"मले लाल लागते," तानाबाई म्हणाली. "पण आण."

पंचवीस जानेवारीला बायांची सभा भरली. एरवी ही सभा भरत नसे. शिपाई घरोघरी रजिस्टर फिरवी अन् बाया पिठाच्या हातानं सह्या करत. त्या दिवशी पंचायतीच्या हॉलमधल्या सतरंज्या कमी पडल्या. टोल्यातल्या चौदा सुना, गावातल्या बाया, अन् मागच्या भिंतीला लागून लेकी, नऊच्या नऊ. वैभव दारात उभा होता.

"वैभवभाऊ," सुंदरा म्हणाली, "आज बायाइची सभा हाय."

तो दुर्गेशकडं पाहू लागला. दुर्गेशनं नियम असा शब्द पुटपुटला. वैभव बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

रक्षा सरपंच खुर्चीवर बसली. पस्तिशीची, बी. ए. झालेली, बोलायला सावध. तिनं विषय एकामागून एक वाचले. पोषण आहार, नळ, अंगणवाडीचं छप्पर. मग म्हणाली, "विषय चार. टोल्याजवळच्या निनावी तलावास नाव देणे. प्रस्तावित नाव..."

अन् थांबली. तिनं रजिस्टर दुर्गेशकडं सरकवलं. "साहेब, हे तुम्ही वाचा."

"स्वर्गीय नत्थूजी भोयर जलाशय," दुर्गेशनं वाचलं.

सुंदरा उभी राहिली. हा क्षण काही तिनं आखलेला नव्हता; पण बाजारात बसणाऱ्या बाईला समोरच्याचा हात कुठं अडला ते दिसतंच.

"ताई, तुमीच वाचा नं. तुमी सरपंच हा."

"वाचलं ना त्यांनी."

"तुमी वाचलं नाई."

रक्षाचे गाल तांबडे झाले. "मामाजींचं, माझ्या सासऱ्यांचं नाव आहे, काकू. मी कसं घेऊ?"

मागं कुठंतरी काकणं वाजली. मग म्हाताऱ्या बाया एकमेकींकडं पाहून हसल्या, अन् त्यात टिंगल नव्हती.

"तेच तं," सुंदरा म्हणाली. "सात वर्षांमागं माह्यं असंच झालतं. फरक एवढाच, का तुमच्याजवळ वाचाले साहेब होते. माह्याजवळ कोणी नव्हतं."

रक्षानं हातातला पेन खाली ठेवला. "बोला, काकू."

"माह्या सांगण्यावरून निनावी लिहिलं. सही माही हाय. ते चुकलं. तळ्याले नाव हाय. ते मी आजही घेणार नाई. पण घेणाऱ्या आणल्या हायत, तुमची परवानगी असन तं."

"आहे."

मागच्या भिंतीपासून तानाबाई काठी टेकत उठली. अंगात लाल खणाची चोळी. नव्वद माणसांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "गोमाजी. गोमाजी मुकद्दम. माह्या आज्याचा आजा. तळं त्याचं, दगड त्याचा." अन् बसली. मग शोभाबाई उठली, मग अन्नपूर्णा, मग मोहिनी. कोणी मोठ्यानं, कोणी चाचरत. शेवटी पिंकी म्हणाली, "गोमाजीचं तळं," अन् सवयीनं, "शिंगाड्याचं." हॉल हसला.

पुढं बसलेल्या चौदा सुना खाली माना घालून ऐकत होत्या. आपल्या जपलेल्या गोष्टीची घडी कोणी दुसरीनं उलगडून दाखवावी अन् ती अजून तशीच नवी निघावी, तसं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. कुंताबाईनं डोळे मिटले होते.

दुर्गेश अवघडला. "मॅडम, या बाहेरगावच्या मतदार आहेत. यांचं रजिस्टरला धरता येणार नाही."

"त्याइचं नका धरू, साहेब," सुंदरा म्हणाली. "नाव त्या घेतील. हात आमी वर करू." अन् तिनं आपला हात वर केला.

चौदाही सुनांचे हात वर गेले. मग गावातली एक म्हातारी, कुमऱ्यांची ना नात्याची ना गोत्याची, म्हणाली, "मीही त्या तळ्याचंच पाणी पिऊन राह्यली," अन् तिनं हात वर केला. मग हात येतच गेले. दुर्गेश मोजू लागला, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला, अन् मग त्यानं न वर केलेले मोजले. ते सोपं होतं.

"सूचक सुंदराबाई कुमरे," रक्षानं सांगितलं. "लिहा."

"अजून एक," सुंदरा म्हणाली. "तुमच्या मामाजीनं गाळ काढला, हे आमी नाकारत नाई. ज्या पायऱ्या बांधसान त्याइले त्याइचं नाव द्या. अन् ठरावात दगडाचं लिहा. पाणी दगडाच्या खांद्याखाली गेलं का पंप बंद."

"सगळ्यांचे?" रक्षानं विचारलं. बाहेर ओट्यावरून खोकल्याचा आवाज आला.

"सगळ्याइचे, ताई."

रक्षानं दाराकडं पाहिलं नाही. "लिहा साहेब," ती म्हणाली. "सगळ्यांचे."

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर मोठी ग्रामसभा झाली. वैभव म्हणाला की बायांनी बाहेरची माणसं आणून घोळ केला. रक्षा उठली, ठराव वाचला. गोमाजी मुकद्दम हे नाव तिनं स्वच्छ वाचलं. ते तिच्या सासरचं नव्हतं. नागेश मागं उभा होता. घरी आल्यावर त्यानं आईच्या टोपल्याखालची फाटकी चुंबळ नवी वळून दिली.

फलक फाल्गुनात लागला, पाळीवर, आंब्याच्या सावलीत. पाणी दगडाच्या खांद्याला टेकलं होतं. चैत्र लागताना खांदा उघडा पडला, अन् तिसऱ्या दिवशी वैभवचा नवा पंप ट्रॉलीत घालून वर नेला गेला. वैभव सोबत नव्हता. गडी होता, अन् मागं स्कूटीवर रक्षा.

मग एका दुपारी, सुंदरा अन् कुंताबाई धुणं धूत असताना, पांदणीनं एक पोरगी आली. कुठल्याशा कॉलेजची, पाण्याचे नमुने घ्यायला. बाटली बुडवून झाली अन् तिनं वही काढली.

"मावशी, या तळ्याचं नाव काय?"

कुंताबाईनं पदर तोंडाला लावला. सुंदरानं ओला हात उचलून फलकाकडं बोट केलं.

"वाच नं बाई. शिकलेली हास."

पोरीनं वाचलं, "गोमाजी मुकद्दम तलाव."

सुंदरानं लुगड्याचा पिळा धुण्याच्या दगडावर आपटला. "नीट आइकू नाई आलं," ती म्हणाली. "आणखी एकदा वाच. जरा जोरानं."